नंबर नसलेलं भिंग

प्रकाश सरळ रेषेत जातो यावर विश्वास नसलेला चष्मेवाला साऱ्या जगात एकच असेल, आणि तो माझा साडू आहे. प्रकाश वाकवून पोट तर सगळेच चष्मेवाले भरतात. पण ते काचेने वाकवतात आणि दुकानाचं शटर ओढलं की विसरून जातात. माझे साडू विसरत नाहीत. नागभीडला स्टेशनाकडून गावात येणाऱ्या रस्त्यावर त्यांचं एका खणाचं दुकान आहे. एक बाक, एक उंच खुर्ची, अक्षरांचा तक्ता, काच घासायचं चाक आणि एक आरसा. एवढ्याशा जागेत वाचायचा चष्मा घ्यायला शिरलेला माणूस सूर्याचं वजन, ताऱ्याचं मरण आणि त्यानंतर मागे उरणाऱ्या काळ्या भानगडीची वागणूक एवढं ऐकल्याशिवाय बाहेर पडल्याचं गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात नाही. तांदळातले खडे दिसेनासे झाले म्हणून आलेल्या एका आजींना त्यांनी पाऊण तास समजावून सांगितलं, की आपल्या सूर्याला चहूबाजूंनी दाबत दाबत नागभीड गावाएवढा केला, तर त्याचा उजेड त्याच्यातून बाहेरच पडू शकणार नाही. आजींनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "दाबू नका जी," त्या म्हणाल्या. "मंग आमी वाळवन कुठी घालाव?" साडूंना हा आक्षेप रास्त वाटला. त्यांनी तो वहीत लिहून ठेवला.

मी भद्रावतीच्या एका शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालो. साडू मला मास्तर म्हणतात, मी त्यांना भाऊ म्हणतो, आणि त्यांच्या पत्नीला, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीला, आम्ही सगळेच बाई म्हणतो. भाऊ माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठे. उंच, किडकिडीत, आणि समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता त्याच्या चष्म्याकडे पाहून बोलण्याची सवय. लग्नात मला पाहिल्यावर त्यांनी उच्चारलेलं पहिलं वाक्य "डावी काच सैल आहे" हे होतं. पुढची पंचवीस वर्षं ते असेच एक साधे, कामसू चष्मेवाले होते. मग एके दिवशी वर्तमानपत्रात कृष्णविवराचा फोटो छापून आला.

फोटो त्यांना मुगवड्यांखाली सापडला. बाईंनी वड्या वाळत घालायला अंगणात तोच कागद पसरला होता, आणि भाऊंनी भर उन्हात उकिडवं बसून एकेक वडी बाजूला सारत ती बातमी वाचली. काळ्याच्या भोवती नारिंगी कडं, एका बाजूला जरा जाड. मी तो फोटो पाहिला तेव्हा मला तो फोकस चुकलेला मेदूवडा वाटला, आणि शेजारचा पानवाला तर छपाईत शाई सांडली म्हणाला. भाऊंनी मात्र कागद डोळ्यांपासून नेमका एक वीत लांब धरला, मग दोन वीत, आणि म्हणाले, "मास्तर, हे भिंग आहे." मग त्यांनी मला सांगितलं, की त्या काळ्याच्या मागचा उजेडसुद्धा त्याला वळसा घालून आपल्याकडे येतो; मधे काच नाही, पाणी नाही, काहीही नाही, नुसतं वजन आहे, आणि त्या वजनापायी उजेड वळतो. हा फोटो घ्यायला पृथ्वीवर ठिकठिकाणी दुर्बिणींच्या थाळ्या लावून त्या सगळ्यांची मिळून पृथ्वीएवढी एक दुर्बीण करावी लागली, हेही सांगितलं. दुकानात गॉगल घातलेल्या एका नटीचं कॅलेंडर होतं. ते उतरलं आणि तिथे तो कागद लागला. वड्यांचे गोल डाग त्यावर अजून आहेत, आणि काही गिऱ्हाईकं तेही ग्रहच समजतात.

पण वरवर दिसते तशी ही निव्वळ हौस नव्हती. आत एक दुखणं होतं, आणि ते धंद्याचं होतं. भाऊंच्या हाताखालून आयुष्यभरात जेवढी भिंगं गेली त्या प्रत्येकाला नंबर होता. भिंग म्हटलं की नंबर. आपलं साधं भिंग मधोमध उजेडाला जवळजवळ सरळ जाऊ देतं आणि कडेला जास्त वळवतं, म्हणून सगळे किरण एका ठिकाणी गोळा होतात आणि ते ठिकाण मोजून नंबर काढता येतो. कृष्णविवराचं उलटं. जवळून जाणारा उजेड जास्त वळतो, लांबून जाणारा कमी, आणि गोळा कुठेच होत नाही. म्हणजे या भिंगाला नंबरच नाही. हे कळलं त्या दिवशी भाऊ जेवले नाहीत. "एवढं मोठं भिंग," ते म्हणाले, "आन् याले नंबर नाई. मंग हे बनवलं कोनाच्या डोळ्यासाठी?" बाई म्हणाल्या, "वरन थंडं होऊन राह्यलं."

पुढची अडचण शब्दाची होती. कृष्णविवर म्हटलं की निम्मी गिऱ्हाईकं हात जोडत. एका मावशींनी तर ते कोणत्या गावाला आहे आणि जत्रा कधी असते हेही विचारलं. नुसतं काळं भोक म्हणावं, तर बाईंनी दुकानात बायामाणसं येतात म्हणून मनाई केली. शेवटी शब्द दिला तो तलावावर मासे धरणाऱ्या एका ढिवराने. तो जवळचा चष्मा करायला आला होता, जाळ्याची गाठ दिसत नव्हती. भाऊंनी त्याला नेहमीप्रमाणे सगळं सांगितलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "आता जे दिसतच नाई, ते आहे हे ओळखाव कसं?" हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारत आणि उत्तराची वाट न पाहता स्वतःच उत्तर देत. या वेळी त्यांना संधी मिळाली नाही. "नदीत डोह कुठी दिसते जी?" तो माणूस म्हणाला. "वरून सारं पानी सारखंच. पान टाकाव पान्यात. पान गरगर फिराले लागलं का समजाव." भाऊंनी हातातली काच खाली ठेवली. आकाशगंगेच्या मध्याशी असलेला तो राक्षस शास्त्रज्ञांनी असाच ओळखला होता. भोवती गरगर फिरणारे तारे वर्षानुवर्षं पाहून. तो माणूस मात्र पुढे बोलतच होता. उजेड वाकतो यात नवल काय, पाण्यात मासोळी दिसते तिथी नसतेच, बरची मारायची तर दिसते त्याच्या खाली मारावी लागते, हे त्याच्या घरात लहान पोरीलाही ठाऊक होतं. सूर्यग्रहणात सूर्याच्या कडेचे तारे जागेवरून सरकल्यासारखे दिसतात, हे दाखवायला साहेब लोक शंभर वर्षांपूर्वी जहाजातून कुठल्या कुठे गेले होते. भाऊंनी त्या गिऱ्हाइकाला चहा पाजला, आणि दोन दिवस त्यांच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. तेव्हापासून आमच्या सगळ्या नातेवाइकांत कृष्णविवराला डोह म्हणतात.

डोह पाहायला पाहुण्यांना गच्चीवर जावं लागे. पावसाळा ओसरता ओसरता, दिवेलागणीनंतर, दक्षिणेला धनू रास दिसते. भाऊ आपल्याला तिथे उभं करणार, खांद्यावर हात ठेवणार आणि बोट दाखवून म्हणणार, "तिथी आहे." आपण पाहायचं. बराच वेळ पाहायचं. मग आपण म्हणायचं की काही दिसत नाही. "बरोबर," भाऊ समाधानाने म्हणत. "म्हनूनच आहे." या काहीच न दिसण्याकडे कोण किती वेळ पाहतो, यावरून ते माणसाची लायकी ठरवत. माझा धाकटा मेहुणा अर्ध्या मिनिटात मोबाइल काढून बसला, त्याच्याविषयी त्यांनी पुन्हा कधी आशा धरली नाही. माझी बायको पंधरा मिनिटं पाहत होती, म्हणून तिला फार मान आहे. ती डासांमुळे डोळे मिटून उभी होती, हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

आणि मग काचेचा गिलास आला. भाऊंनी कुठेतरी वाचलं, की वाइनच्या उंच दांडीच्या गिलासाचा जो पाय असतो, दांडी पसरत पसरत जिथे चपटी होते तो भाग, तो उजेडाला थेट डोहासारखा वळवतो. मधे जास्त, कडेला कमी. दांडी कापून टाकायची, पाय डोळ्यासमोर धरायचा आणि त्यातून एखाद्या बारीक दिव्याकडे पाहायचं. दिवा नाहीसा होतो आणि त्याच्या जागी उजेडाचं कडं दिसतं. हे वाचल्यापासून त्यांना गिलास हवा होता. भाऊ आयुष्यात दारूच्या वासालाही उभे राहिलेले नाहीत, आणि नागभीडला उंच दांडीचा गिलास कुणाच्या घरी असलाच तर तो कपाटात, प्लास्टिकच्या फुलांनी भरलेला. शेवटी ते एसटीने चंद्रपूरला गेले, एका मोठ्या हॉटेलात भरदुपारी जाऊन बसले, आणि वेटरने काय घेणार विचारल्यावर म्हणाले, "गिलास. रिकामा." वेटरने विचारलं, त्यात काय देऊ. "काई नाई. फुटलेला असन त आनखी बरं. मले वरचा भाग नको." आमच्या जिल्ह्यात दारूबंदी येऊन गेलेली, त्या काळात त्या वेटरने तऱ्हेतऱ्हेची माणसं पाहिली असतील, पण त्यानेही मॅनेजरला बोलावलं. मॅनेजर भला माणूस होता. त्याने फुटक्या गिलासांचे चौदा पाय वर्तमानपत्रात बांधून दिले.

भाऊ ते पुडकं छातीशी धरून बाहेर पडले आणि नेमकं बाईंच्या मावसभावाने त्यांना पाहिलं. भाऊ घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बाईंनी चार दिवस त्यांच्याशी बोलणं टाकलं. भाऊंच्या हे दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, कारण तोवर ते चाकावर दांड्या घासण्यात गुंतले होते. घासून, पॉलिश करून, दांडीच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यांनी चौदाच्या चौदा पाय तयार केले. चौथ्या दिवशी बाई देवापुढे निरांजन लावत होत्या, तेव्हा त्यांनी काही न बोलता त्यातला एक बाईंच्या डोळ्यापुढे धरला. बाईंनी रागाने मान फिरवली, पण फिरवता फिरवता त्यांना दिसलं ते दिसलं. ज्योत नव्हती. ज्योतीच्या जागी सोन्याच्या बांगडीसारखं कडं होतं. बाईंनी गिलासाचा पाय हातात घेतला, जरा डावीकडे सरकवला, तेव्हा कडं तुटून त्याच्या दोन कोरी झाल्या, एक मोठी, एक लहान. परत मधे आणला, कडं जुळलं. "ज्योत कुठी गेली?" बाईंनी विचारलं. "मागंच आहे, जागेवर," भाऊ म्हणाले. "मंग मले चहूकून काऊन दिसून राह्यली?" भाऊंनी मला नंतर सांगितलं, की चौतीस वर्षांच्या संसारात त्यांना बाई एवढ्या आवडल्या नव्हत्या. नेमका प्रश्न विचारला, म्हणाले. नागभीडमध्ये अजून कोणी विचारला नव्हता.

भाऊ महिन्यातून एकदा वैनगंगेपलीकडे, गडचिरोलीच्या बाजूला जंगलातल्या गावांत डोळे तपासायला जात. चाळीस-पन्नास म्हाताऱ्यांचे नंबर काढायचे, चष्मे करून पुढच्या खेपेला पोचते करायचे, हे ते वर्षानुवर्षं करत आले होते. त्या भागातल्या एका शाळेतल्या विज्ञानाच्या मॅडमनी त्यांना मुलांसमोर डोह दाखवायचं निमंत्रण दिलं, तेव्हा त्यांनी सोबतीला मला घेतलं. पेटीत चष्म्याच्या फ्रेमा होत्या, आणि चष्म्यांच्या जुन्या डब्यांत एकेक करून ते चौदा पाय. आता नदीपलीकडे दारूबंदी अजून आहे. पुलापाशीच्या पोलीस चौकीवर एसटी थांबली, दोन पोलीस चढले आणि त्यातल्या तरुण शिपायाने भाऊंची पेटी उघडली.

"हे काय आहे जी?"

"कृष्णविवर," भाऊ म्हणाले. सरकारी माणसाशी ते शुद्ध बोलतात.

"किती आहेत?"

"चौदा."

शिपायाने एक पाय वर करून उजेडात धरला. गिलास ओळखण्याइतका अनुभव त्याला होता. "वरचा भाग कुठी आहे?"

"वरचा भाग कामाचा नसतो."

शिपायाने तो पाय परत डब्यात ठेवला. मग त्याने खाली उभ्या असलेल्या हवालदारांना हाक मारली. "साहेब, एक बुढा आहे. त्याच्यापाशी गिलासाचे नुसते पाय आहेत." हवालदार वर आले. त्यांनी भाऊंना आपादमस्तक पाहिलं, मला पाहिलं आणि काय समजायचं ते समजून खाली उतरायला सांगितलं. मी मास्तर असल्याचं सांगितलं, पण त्याने परिस्थिती सुधारल्यासारखी वाटली नाही. भाऊ मात्र शांत होते. त्यांनी शिपायाला टॉर्च लावून चौकीच्या अंधाऱ्या कोपऱ्यात उभं केलं, आणि हवालदारांच्या डोळ्यापुढे पाय धरला. हवालदारांनी दुसरा डोळा मिटला. मग म्हणाले, "हालू नको बे," ते शिपायाला. त्यानंतर ड्रायव्हरने पाहिलं, कंडक्टरने पाहिलं, मागे थांबलेल्या ट्रॅक्टरवाल्याने पाहिलं, आणि एसटीतल्या बायका रांगेने उतरल्या. पाऊण तासाने आम्ही निघालो तेव्हा भाऊंच्या वहीत हवालदारांचा नंबर होता. दोन्ही डोळे, अधिक दोन. ते इतके दिवस कागदपत्रं अंदाजाने तपासत होते.

शाळा सागाच्या जंगलात, तीन खोल्यांची. मॅडमनी एका खोलीच्या खिडक्यांना चटया लावून अंधार केला होता आणि समोर एक बारीक दिवा लावला होता. मुलांनी जोहार केला. पन्नासएक मुलं-मुली एकेक करून आली, प्रत्येकाने पाय डोळ्याला लावला, आणि प्रत्येकाच्या तोंडून तोच एक आवाज निघाला. मी आयुष्यभर वर्गावर उभा राहिलो, पण असा आवाज मला एकदाही काढता आलेला नाही. मॅडम मधेमधे गोंडीत समजावत होत्या. मग चटया काढल्या, आणि भाऊंना दुसरा प्रयोग दाखवायचा होता. मॅडमनी फळ्यावर पट्टीने सरळ रेघांची जाळी आखली होती. उभ्या दहा, आडव्या दहा. भाऊ फळ्यासमोर खुर्चीवर बसले. डाव्या डोळ्यावर तळवा ठेवला. मी शेजारी उभा राहून त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे पाय धरायचा, काय दिसतं ते त्यांनी मुलांना सांगायचं, मग मी तो काढायचा, असं ठरलं होतं. पाय मुलांच्या हातांनी डागाळला होता, म्हणून मी रुमालाने पुसत होतो.

"आता पाहा," भाऊ मुलांना सांगू लागले. "आडवी पाचवी रेघ मधात खाली दबली. उभ्या रेघा दोन्हीकून आत वळल्या. आन् मधोमध काईच नाई, काळं आहे. दिसते का, डोह? मास्तर, आता काढा भिंग. सरळ रेघा पाहू द्या."

"भाऊ," मी म्हणालो, "भिंग माझ्या हातात आहे. मी अजून लावलंच नाही."

पहिल्या रांगेतल्या एका मुलीने हात वर केला. "सर, रेघा तर सरळच आहेत."

भाऊंनी डाव्या डोळ्यावरचा तळवा काढून उजव्यावर ठेवला. फळ्याकडे पाहिलं. परत बदलला. मग ते त्या मुलीकडे वळून म्हणाले, "बरोबर. सरळ आहेत. शाब्बास." आणि पुढचा अर्धा तास त्यांनी असा शिकवला, की मॅडम वहीत लिहून घेत होत्या. मी मात्र हातातला पाय पुसतच राहिलो होतो.

परतीच्या एसटीत त्यांनी पेटीतून एक वही काढून माझ्या मांडीवर ठेवली. प्रत्येक पानावर घराच्या खिडकीचे गज काढलेले. पहिल्या पानांवर गज जवळजवळ सरळ, मधे किंचित पोक. मग पोक वाढत गेलेला. मग मधे पेन्सिलीचा बारीक ठिपका. "पह्यले मुंगीएवढं होतं," भाऊ म्हणाले. "आता चिंचोक्याएवढं आहे." पाच महिन्यांची वही होती. ते दुखणं काय आहे हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दारं-खिडक्या वाकड्या दिसतात म्हणणारी कितीतरी माणसं त्यांच्या दुकानात येऊन गेली होती, आणि प्रत्येकाला त्यांनी चष्मा न देता हाताला धरून एसटीत बसवलं होतं. उद्या नाही, आजच नागपूर, मोठ्या डॉक्टरकडे, म्हणून. मग स्वतः का नाही गेलात, असं मी त्यांना विचारलं. मी जरा चढ्या आवाजात विचारलं असणार, कारण पुढच्या सीटवरच्या एका प्रवासी बाईने मागे वळून पाहिलं.

"रोज पाहाले भेटत होतं, मास्तर," ते म्हणाले. "असं आतून कोनाले भेटते पाहाले?" मग त्यांनी वही परत पेटीत ठेवली. धानाच्या बांध्या मागे पळत होत्या. "आन् चष्मेवाल्यालेच दिसत नाई म्हटलं त दुकानात येईन कोन?"

बाईंना मीच सांगितलं. त्या रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. त्यांनी पिशवी भरली आणि सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही तिघं नागपूरला गेलो. डॉक्टर मुलीच्या वयाची होती. तिने पडद्यावर डोळ्याच्या आतला फोटो दाखवला. डोळ्याच्या मागे जो पडदा असतो, ज्यावर चित्र उमटतं, त्याच्याखाली पाणी साचून तो मधे उचलला गेला होता. उजव्याचं मधलं आता परत यायचं नाही, ती म्हणाली. आधी यायला हवं होतं. डाव्यात नुकती सुरुवात आहे, तो इंजेक्शनं देऊन वाचवता येईल. इंजेक्शन डोळ्यातच द्यायचं असतं, हे ऐकून मीच बाकावर बसलो. भाऊ फोटोच्या इतके जवळ गेले, की डॉक्टरला त्यांना मागे ओढावं लागलं. "म्हनजे उजेड सरळच येऊन राह्यला होता," ते म्हणाले. "भिंगही बरोबर. जागाच वाकली." आणि माझ्याकडे वळून, ज्या चेहऱ्याने त्यांनी मुगवड्यांखालचा फोटो पाहिला होता त्याच चेहऱ्याने म्हणाले, "मास्तर, तेही असंच म्हनतात बरं. उजेड वाकत नाई, तो आपल्या वाटेनं सरळच जाते. जागा वाकते."

बाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. "पाच महिने मले काऊन नाई सांगतलं?" त्यांनी विचारलं.

भाऊंकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असतं, आणि बहुधा ते लांब असतं. "भेव वाटलं," ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढला आणि पदराने पुसला. चष्मा पदराने पुसू नये, काचेला ओरखडे पडतात, यावरून भाऊंनी आजवर निम्म्या नागभीडशी भांडण केलेलं आहे. त्यांनी चष्मा घेतला आणि तसाच डोळ्याला लावला.

याला दोन वर्षं झाली. डावा डोळा वाचला. पुरता नाही, पण त्याच्या जोरावर ते रस्ता ओलांडतात आणि वर्तमानपत्राचे मथळे वाचतात. नंबर आता बाई काढतात. भाऊ बाकावर बसून काय करायचं ते सांगतात आणि बाई स्वतःला हवं तेच करतात. दुकान पूर्वीपेक्षा बरं चालतं, कारण बाई काम झालं की गिऱ्हाइकाला जाऊ देतात. ते चौदा पाय जंगलातल्या त्या शाळेत आहेत. मॅडमनी कळवलं की पावसाळ्यात दोन फुटले, तर भाऊंनी चंद्रपूरच्या त्या हॉटेलात निरोप पाठवला, आणि या वेळी मॅनेजरने चार अख्खे गिलास पाठवले. वरचे भाग बाईंनी फेकू दिले नाहीत. त्यात त्या राई आणि मेथीदाणे ठेवतात.

मी दोन-तीन महिन्यांनी जातो. मधलं नीट दिसत नसल्याने भाऊंना समोरचा माणूस पाहायचा तर नजर त्याच्यावर ठेवून चालत नाही, जरा बाजूला ठेवावी लागते. पहिल्यांदा ते माझ्या कानापलीकडे पाहून बोलू लागले तेव्हा मागे कोण आलं म्हणून मी दोनदा वळून पाहिलं. आता सवय झाली आहे. गेल्या खेपेला बाई गिऱ्हाइकात होत्या, आम्ही दोघं बाकावर चहा घेत बसलो होतो. भाऊ बोलता बोलता थांबले. त्यांनी माझ्या उजव्या खांद्यावरून पलीकडच्या रिकाम्या भिंतीवर नजर लावली आणि मान जराही न हलवता तिच्याकडे पाहत राहिले. मीही हललो नाही.

"मास्तर," ते हळूच म्हणाले, "तुमीही म्हातारे झाले जी."